स्टेजवर वाजलेलं माझं रडणं

माझा मुलगा गिटार वाजवतो. बोटात लोखंडी नळी घालून ती तारांवर घासतो, मग गिटार माणसासारखी कण्हते. पहिली नळी त्यानं आमच्याच नळाच्या पाइपातून कापली होती. मिरजेत त्याला तंबोरे बनवणाऱ्याकडे कामाला लावलं होतं. तिथं कुणाची तरी गिटार दुरुस्तीला आली आणि हा तिच्या नादी लागला. आता गोवा, बेंगळुरू, परदेश, असा सतत फिरतीवर असतो. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी, हे त्यानंच मला सांगितलं. मी म्हटलं, वाजव.

गेल्या वर्षी सांगलीत त्याचा कार्यक्रम होता. गाडी पाठवून मला वडूजहून नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. शेवटी तो म्हणाला, "आता जे वाजवणार आहे, त्यानंच मला जगभर नेलं." नळी तारांवरून सरकली. चाल ओळखीची वाटली. मग स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. तो माझा होता.

नवरा गेला त्या दिवशीचा. आमच्याकडे बायका मेलेल्या माणसाशी हेल काढून बोलतात, सगळ्या एकदम. त्या गलक्यात कोण काय बोलतंय ते कुणाला कळत नाही, म्हणून तर बोलता येतं. त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. त्यांनी दोनदा चहा मागितला, मी दिला नाही. ते तसेच रानात गेले आणि तिथंच पडले. हे मी फक्त त्यांना सांगितलं, कानाशी वाकून. पोरगा शेजारी फोन धरून बसला होता. मला वाटलं, पाहुण्यांना कळवतोय.

"दोनदा मागितलात ओ, म्या दिला न्हाई." सगळ्या सांगलीनं ते ऐकलं आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या.

नंतर मागच्या खोलीत मी त्याला विचारलं, "हे किती गावांत वाजवलंस?"

"सगळीकडं, आये. लोक रडत्यात ऐकून."

"त्यांचं कोण मेलंय रं?"

तो हसला.

"बंद कर ते."

"आता कसं बंद करू? लोक त्याच्यासाठीच येत्यात. पुढच्या येळी तूच ये की स्टेजवर."

"येते की. मारायला दुसरा नवरा कुठनं आणू?"

त्यानं वाजवायचं काही थांबवलं नाही.

गेल्या महिन्यात माझी थोरली जाऊ गेली. चाळीस वर्षं एका चुलीवर काढली आम्ही. मुलगाही आला होता, भिंतीला टेकून उभा, एक हात खिशात. बायकांनी हेल धरला. एकीनं मला ढोसलं, "आवं, रडा की! लोक काय म्हणतील?"

मी त्याच्या खिशाकडं बघत तोंड मिटून बसले. जावेला सांगायचं होतं ते तसंच राहिलं.