रविवारी मालवणी खानावळ रिकामी दिसली तर

बाबांना भूक लागावी म्हणून त्यांना डोंगर चढवायचा, ही अक्कल माझीच. आईला जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून तिचे सगळे उपास बाबांनी उचललेत: सोमवार, गुरुवार, संकष्टी. उरलेल्या दिवशीही दोन घास खाऊन ताट सरकवतात. वजन इतकं उतरलं की डॉक्टर मलाच ओरडले. जन्मभर मासळीशिवाय न जेवलेला माणूस हा! म्हणून बेत केला, रविवारी सकाळी कान्हेरीची लेणी आणि दुपारी बोंबील.

आम्ही दहिसरचे, त्यामुळे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान हाकेच्या अंतरावर. तुम्ही येणार असाल तर सोमवार टाळा, बंद असतं. तिकीट दोनदा लागतं, एकदा दरवाज्यावर आणि एकदा वर लेण्यांपाशी. मध्ये सहा-सात किलोमीटर. आत बस आहे, पण रविवारची रांग बघून बाबा म्हणाले, "चलत जावया."

"झेपेल का तुम्हाला?"

"तुका जमणा नसात तर सांग."

घ्या! नुसत्या चहावर हा माणूस माझ्या पुढे चालत होता आणि मी मागून धापा टाकत होते.

लेण्यांच्या पायऱ्यांवर मी पोह्यांचा डबा काढला आणि माकडाने तो उचलला. बाबांच्या हातात छत्री होती, पण त्यांनी बोटही हलवलं नाही. वर म्हणतात, "खाऊ दे गे बिचाऱ्याक." तेव्हा टीप अशी, की पिशवी पाठीवर, चेन बंद, आणि सोबत वडील नकोत. माथ्यावरच्या कातळावर वारा मात्र झकास. एका बाजूला जंगल, दुसरीकडे बोरिवलीचे टॉवर.

उतरल्यावर बोरिवली पश्चिमेला यायला तीन रिक्षावाल्यांनी नकार दिला, चौथ्याने उपकार केले. आमच्या ठरलेल्या खानावळीत रविवारी फूटपाथवर अर्धा तास तिष्ठावं लागतं. आज सगळी टेबलं रिकामी! मी खूश होऊन बोंबील, सुरमई, सोलकढी सांगितली.

मालकीणबाई हसल्या. "ताई, आज संकष्टी ना! म्हणून तर गर्दी नाय."

मी बाबांकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"आणि उपाशी कान्हेरी चढलात? चक्कर येऊन पडला असता तर?"

"तू हौशीन ठरवलंस, मोडूचा कशाक?"

माझा तोल गेला. "आई गेली, बाबा! तिचे उपास करून ती परत येणार आहे का?"

बाबा शांतपणे म्हणाले, "तिच्यासाठी कोण करता? माझी नोकरी सुटली तेव्हा तिना सोमवार धरल्यान. गुरुवार तुझ्या दादासाठी. संकष्टी तुझी, ल्हानपणी सारखी आजारी पडायचंस म्हणान. ती गेली, मग ह्यां कोणी बघूचा?"

बोंबील आले. "खा," बाबा म्हणाले. मला राग येत होता आणि रडूही. मी कसेबसे दोन खाल्ले, ते पाणी प्यायले.

मग मी म्हटलं, "तुम्ही रिटायर होऊन सहा वर्षं झाली. सोमवारचं काम संपलं."

त्यांनी खरंच विचार केला. "बरोबर."

तिथूनच दादाला बंगळुरूला फोन लावला. "तुझा गुरुवार तूच धर रे."

"कसला गुरुवार?" त्याला बिचाऱ्याला काही कळेना. सगळं सांगितल्यावर मात्र लगेच हो म्हणाला.

"आणि माझी संकष्टी मला द्या, बाबा."

"तुझ्याच्यान उपास होतलो?"

"होईल."

तर आज सोमवार, आणि आजच पुढची संकष्टी. दुपारचे दोन वाजलेत, चंद्र नऊनंतर उगवणार, आणि दोन केळ्यांवर मी हे लिहितेय. घरभर बोंबलांचा वास आहे. सकाळी बाजारात जाऊन बाबांनीच आणले, स्वतःच तळले, नि माझ्यासमोर बसून सहा संपवले. आता पुन्हा गॅस पेटवल्याचा आवाज आला.

"आणखी दोन तळतंय," ते आतून ओरडले. "तांदळाचा पीठ खंय ठेवलंस गे?"