ढिली गाठ

मी तेव्हा वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. रोहण्याकडची एक म्हातारी आली. जन्मभर लुगड्याची गाठ कमरेवर एकाच जागी आवळून तिथे आधी काळा वण पडला होता, मग जखम झाली होती.

"कोनाले दिसू नाई म्हून अजून आवळत गेली, बाई," ती म्हणाली. बोलतानाही तिचा हात गाठीवरच होता.

डॉक्टरांनी जखमेची कडा दाबून पाहिली. कडक लागली. तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सरच निघाला. मग त्यांनी जांघ चाचपली. तिथे अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, असतं, तर रोग पसरला असं धरावं लागलं असतं. नव्हतं. माझाच जीव भांड्यात पडला.

भोवतीच्या चांगल्या कातडीसकट जखम कापून काढली. ती घरी निघाली तेव्हा मी बजावलं, "आजी, आता कमरेला आवळायचं नाही."

"मंग लुगडं राहीन कसं?"

"मी धरून चालतो न," खाटेच्या पायथ्याशी बसलेला तिचा म्हातारा म्हणाला.

मला ती थट्टा वाटली. त्या काळी आमच्याकडे नवरा-बायको रस्त्याने अंतर ठेवून चालत. पण ते निघाल्यावर मी खिडकीतून पाहिलं, तर तो भरदुपारी, बाजारच्या लोकांदेखत, तिच्या कमरेशी त्या ढिल्या गाठीवर हात ठेवून चालला होता. ती लाजेने खाली बघत होती. पण हात काढा म्हणाली नाही.