कपाटातला मायक्रोस्कोप

आमच्या कॉलेजात मायक्रोस्कोप एकच होता आणि तो कपाटात राहायचा. कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. यंत्र त्यांच्या नावावर नोंदलेलं, मोडलं असतं तर सरकारने जाब त्यांनाच विचारला असता. म्हणून लॅब टेक्निशियनच्या दोन वर्षांच्या कोर्सला आम्ही वीस मुली यायचो आणि फळ्यावरची चित्रं वहीत उतरवून घरी जायचो. "आधी थिअरी पक्की करा," सर म्हणायचे. ती इतकी पक्की झाली की मलेरियाची रक्तपट्टी कशी दिसते हे मी झोपेतही खडाखडा सांगितलं असतं.

हसू नका. मला ती नोकरी हवीच होती. आगाशीला आमची केळीची वाडी, थोड्या पानवेली. पूर्वेकडे इमारती उठल्या, त्यांच्यासाठी आमच्याकडच्या विहिरींवर टँकर लागले आणि बघता बघता आमची विहीर खारी झाली. पानवेली आधी गेल्या. वडील नव्हतेच. आई एक दिवस पोहरा काठावर ठेवून म्हणाली, "विहीर गेली. आता तूच काय ती."

कपाट उघडलं ते दुसऱ्या वर्षी, तपासणीला साहेब येणार म्हणून. सरांनी मायक्रोस्कोप खिडकीशी मांडला, खाली रक्ताचा थेंब लावलेली काचेची पट्टी सरकवली आणि मला पुढे बसवलं, कारण पाठांतर माझं चांगलं.

"फोकसच्या स्क्रूला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "विचारलं तर वहीतलं सांग."

मी डोळा लावला. धुरकट उजेड दिसला आणि त्यात काळ्या काड्या हलत होत्या. त्या माझ्याच पापण्या होत्या, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"लाल पेशी, सर. काही पेशींमध्ये अंगठीच्या आकाराचे परजीवी, त्यावर एक ठिपका."

"शाब्बास!" साहेब म्हणाले आणि चहाला गेले. स्वतः डोळा लावून बघावं असं त्यांना वाटलं नाही. यंत्र पुन्हा कपाटात गेलं. मला मात्र त्या शाब्बासकीने दोन दिवस भूक नव्हती, इतका आनंद झाला होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे विहिरीवर वाढलेल्या मुलीला तरी सुचायला हवं होतं.

कोर्समध्ये पहिली आले. पूर्वेकडच्या त्या नव्या इमारतींत, एव्हरशाईन सिटीत, एका डॉक्टर मॅडमनी नवी लॅब टाकली होती, तिथून पत्राने बोलावणं आलं. आईने तिची ठेवणीतली साडी मला नेसवली आणि बसपर्यंत सोडायला आली. मॅडम बोलायला चांगल्या होत्या. माझे मार्क बघून त्या खूश झाल्या. टेबलावर माझ्या वहीतल्या चित्रापेक्षा दुप्पट मोठा, दिव्याचा मायक्रोस्कोप होता. त्यांनी दिवा लावला, तेवढ्यात फोन वाजला. "बस ना," असं मला खुणेने सांगून त्या बोलत राहिल्या.

मी बसले, डोळा लावला. स्वच्छ पांढरा उजेड, आणि पापण्या. फोन ठेवल्याचा आवाज आला. मॅडम माझ्यामागे उभ्या आहेत हे जाणवलं आणि कुणी विचारायच्या आत मी सुरू झाले, "लाल पेशी दिसतायत, मॅडम. काहींमध्ये अंगठीच्या आकाराचे परजीवी..."

ठिपक्यापर्यंत सगळं म्हटलं. एक शब्द चुकला नाही.

मॅडमनी हातातली काचेची पट्टी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "अगं, स्लाइड अजून लावलीच नाहीये."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्हाला कॉलेजात कधी दाखवलं तरी का?" त्यांनी विचारलं, आणि मी लाजेने "हो" म्हटलं. हे त्या दिवशीचं दुसरं खोटं. त्या म्हणाल्या, "कळवते हं." त्याचा अर्थ काय, ते मला समजलं.

घरी आले तेव्हा आई फाटकाशीच उभी होती. "काय विचारलं?"

"काय दिसतंय ते विचारलं."

"आणि तू सांगितलंस?"

"सगळं बरोबर सांगितलं."

"मग बोलावतीलच," ती म्हणाली आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर महिनाभर रोज दुपारी, पोस्टमनची सायकल यायच्या वेळेला, ती काहीतरी काम काढून फाटकाशी जाऊन उभी राहायची. मला घरातून दिसायची. तिला आत बोलवायची माझी हिंमत झाली नाही.