मामाचा फेटा

सयाजी आमच्या शेजारचा. माझी पिठाची गिरणी आणि त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान यांच्यामध्ये नुसता एक पत्रा आहे. त्या पत्र्याला कान लावायची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही, तो आपणहून सगळं इकडे आणून टाकतो. आमच्या आळे गावात कुणाची बोअरची मोटर जळाली, कशानं जळाली आणि मालक घरी काय थाप मारणार आहे, हे मला दळण संपायच्या आत कळतं.

दिवसभर हा गडी जळक्या मोटरींतली तांब्याची तार उपसतो आणि नवी भरतो. लग्नसराई आली की मात्र दुपारीच हात पेट्रोलनं खसाखसा धुतो, मरून रंगाचा सोनेरी काठाचा ब्लेझर चढवतो आणि नारायणगावच्या बाळासाहेबांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायला जातो. हळद, लग्न, रिसेप्शन, जावळ, एकसष्टी. सुपारी येईल तिथं.

आता ही बेस गिटार. बाकीच्यांच्या गिटारीला सहा तारा, याच्या गिटारीला चारच. स्वस्तातली घेतली असणार, असा माझा अंदाज. तो मी चारचौघांत बोलून दाखवला.

"आण्णा, ही गाण्याच्या खालून चालती," सयाजी म्हणाला. "कुणाला कळत नाय, पण काढून घेतली की गाणं लंगडतं."

"म्हंजे आमच्या हिच्यासारखं," मी म्हणालो. "कळत नाय, पण चार दिवस माहेरी गेली की..."

आमची ही पलीकडे पीठ चाळत होती. पुढचं वाक्य मी गिळलं.

स्टेजवर गाणारी बाई दिसते, ढोलकीवाला दिसतो, कीबोर्डवर वाकलेले बाळासाहेब दिसतात. सयाजी पार मागं, स्पीकरच्या आडोशाला. एकदा मंचरला मंडपवाल्यानं त्याला हाताला धरून खाली उतरवलं होतं, वायरमन समजून. रात्री परत आला की सकाळी माझा ठरलेला सवाल असायचा, "काय सयाजीराव, काल कुणाला ऐकू आलात का?" तो हसायचा.

त्याचं वाजवणं ऐकणारं एकच माणूस होतं. त्याच्या बहिणीची, मंगलची पोरगी हर्षाली. मंगल दिली पिंपळवंडीला. मे महिन्यात पोरगी मामाकडं यायची आणि हा दुकानात सराव करायला बसला की त्याच्या स्पीकरच्या डब्यावर पालथी पडायची. "मामा, पोटात वाजतंय! मामा, अजून!" तिकडं मोटरीचं गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि इकडं यांची मैफल. सयाजीला मूलबाळ नाही. जे काही लाड करायचे ते त्यानं या पोरीवर केले.

पण वाजवणाऱ्याच्या धंद्यात एक मेख असते. लग्नाची तीथ सगळ्यांची एकच. पंचांगात जी तारीख चांगली निघते ती जुन्नर-आंबेगावात झाडून सगळ्यांनाच चांगली. त्यामुळे नात्यातलं लग्न आणि ऑर्केस्ट्राची सुपारी हमखास एका दिवशी पडणार. सयाजीनं हजारो लोकांच्या वराती नाचवल्या, पण स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नाला तो नव्हता, पुतण्याच्या नव्हता, साडूच्या पोरीच्या नव्हता. सगळीकडे त्याची बायको साधना एकटी. तिला अशी कायम एकटी बघून एका म्हातारीनं हळूच विचारलं होतं, "मालक कधी गेले गं बाई?"

हर्षालीचा साखरपुडाही तसाच ऐन लग्नाच्या तिथीला आला. सयाजीची सुपारी घोडेगावला, आधीच घेतलेली. मंगल फोनवर रुसली, हा विनवण्या करत राहिला. ऐन साखरपुड्यात नवऱ्याकडच्यांनी विचारलं, "नवरीचे मामा कुठंयत?" मंगलनं सुनीलला पुढं केलं. सुनील म्हणजे सयाजीचा चुलतभाऊ, तोही आळ्याचाच. प्लॉटिंगचा धंदा, पांढरी गाडी, बोटात अंगठ्या. चुलत असला तरी मामाच लागतो, त्यात खोटं काही नाही. तो पाटावर असा बसला की जन्मभर तिथंच बसलाय.

पाहुणे मंचरचे, कोल्ड स्टोरेजवाले. लग्नाचा बँड त्यांच्याकडून होता, आणि त्यांनी ठरवला नेमका बाळासाहेबांचाच. हे कळलं त्या दिवशी सयाजी जळकी मोटर तशीच टाकून माझ्या गिरणीत आला. चालू गिरणीत ओरडून बोलायला लागला.

"आण्णा, औंदा मी भाचीच्या लग्नाला हाय! सुपारीच तिथली!"

"मग मामा म्हणून का वाजंत्री म्हणून?"

"दोन्ही!" तो म्हणाला. "मंगलाष्टकाला बेस लागतच नाय. तेवढ्यात मी खाली उतरतो, ब्लेझर काढतो, फेटा बांधतो अन् पोरीच्या मागं उभा ऱ्हातो. अक्षता पडल्या की परत वर. बाळासाहेबांना इचारलंय."

"ते काय म्हणले?"

"म्हणले, जा की राव, तू नसलास तर कुणाला कळणार हाय?"

मी पोट धरून हसलो. सयाजीही हसला. त्याला त्या वाक्यात काही बोचण्यासारखं वाटलंच नाही, इतका तो खुशीत होता. आमच्याकडे नवरीला मामानं मांडवात आणायचं आणि मंगलाष्टक होईपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, हा मान कुणी सोडत नाही. भावाभावांत बोलणं नसलं तरी त्या वेळेला मामा हजर असतो.

मग तयारी. ब्लेझरच्या आत घालायला नवा पांढरा शर्ट आणला. ब्लेझर झटक्यात उतरवायचा सरावही दुकानात चालला होता. एक बाही निघायची, दुसरी अडकायची. मी पत्र्याच्या फटीतून ओरडायचो, "मामा, नवरी म्हातारी झाली!" मंगलला त्यानं फोन करून सगळा बेत सांगितला. तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण हा म्हणाला, "बघू कशाला? ठरलंच की."

लग्न नारायणगावच्या अलीकडं हायवेवरच्या मंगलकार्यालयात. मी वेळेवर पोचलो, म्हणजे जेवणाच्या आधी. माईकवाला निवेदक येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव पुकारत होता. अमुक गावचे सरपंच आले, तमुक पतसंस्थेचे चेअरमन आले, त्यांनी स्टेजवर यावं, त्यांचा सत्कार. मुहूर्त कधीच टळून गेला होता, पण अजून एका पुढाऱ्याची गाडी वाटेत होती, म्हणून भटजीबुवा गप. ऑर्केस्ट्रानं वेळ भरून काढायची. सयाजी स्पीकरच्या आडोशाला उभा, बोटं तारांवर आणि डोळे नवरीच्या खोलीच्या दाराकडे.

पुढारी आले, बोलले, गेले. निवेदक म्हणाला, "मामा मंडळींनी कृपया तयार व्हावं."

सयाजीनं गिटार स्टँडला लावली. ब्लेझर असा उतरवला की दोन्ही बाह्या एकदम निघाल्या. उड्या मारतच तो भिका फेटेवाल्यासमोर येऊन खुर्चीत बसला. माझाच नंबर होता, पण मी म्हटलं आज मामाला आधी.

भिका हात पुसत म्हणाला, "तुमी बँडमधले ना? बँडवाल्यांचे फेटे यात न्हाईत, भाऊ."

"बँडवाल्याचा नको. मामाचा बांध."

"मामाचा बांधून झाला की."

"कुणाला?"

"मामालाच. ते काय!"

दाराजवळ सुनील उभा होता. भगवा फेटा, सोनेरी तुरा, आणि फोटोवाला त्याला हनुवटी वर करायला सांगत होता.

मी म्हणालो, "भिका, अरे हा सख्खा मामा हाय."

"असंल, आण्णा. पण मला नवरीच्या आईनंच सांगितलं, ह्यांना बांध म्हणून. आता त्यांच्या डोक्याचा सोडू का?"

एवढ्यात मंगल घाईनं आली आणि सयाजीला पाण्याच्या जारांकडे घेऊन गेली. मला तहान लागली. मीही गेलो.

"दादा, साखरपुड्याला सुनीलच व्हता," ती दबक्या आवाजात म्हणाली. "त्यांच्या समद्यांना तोच मामा म्हणून ठावा हाय. आता मी दुसरा मामा कुठनं काढू?"

"दुसरा? मंगल, मी दुसरा?"

"तसं न्हाई रं. पण सकाळपासनं तू वर वाजवतोयस. सगळ्यांनी बघितलंय तुला. तूच मागं उभा ऱ्हायलास तर त्यांच्या बाया इचारतील, ह्यो बँडमधला कोण म्हणून. पोरीला तिथं नांदायचंय."

सयाजी म्हणाला, "हर्षूला ठावं हाय का?"

मंगलनं पदर सारखा केला. "मुहूर्त चाललाय, दादा," म्हणाली आणि गेली.

मला वाटलं, हा आता तडक घरी जाईल. मी गेलो असतो, आणि जाता जाता दोन खुर्च्या उलट्या केल्या असत्या. सयाजी परत स्टेजवर चढला. ब्लेझर घातला. गिटार गळ्यात अडकवली. सुनीलनं हर्षालीला आणलं, अंतरपाट धरला गेला, तो भगवा फेटा तिच्या मागं उभा राहिला आणि मंगलाष्टक सुरू झालं. ज्याला बेस लागत नाही असं सयाजी म्हणाला होता, त्या मंगलाष्टकाला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत होता. मी त्याच्या बोटांकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. बाळासाहेबांचा कीबोर्ड तेवढा ऐकू येत होता. हर्षालीनं अंतरपाटाआडून एकदाही मान वर केली नाही, पण नवरीनं मान खालीच घालायची असते, त्यामुळे त्यावरून काही धरता येत नाही.

जेवताना सयाजी माझ्या शेजारी आला नाही. दुसऱ्या दिवशी मी माझा ठरलेला सवाल विचारला नाही. पत्र्याच्या पलीकडून नुसती तार गुंडाळल्याचा आवाज येत होता.

पंधरवडा गेला असेल. आमच्या दुकानांसमोर टोमॅटोच्या कॅरेटची पिकअप आडवी अडकली आणि दोन्हीकडच्या गाड्या तुंबल्या. मी आणि सयाजी बाहेर उभे राहून ड्रायव्हरला फुकटचे सल्ले देत होतो. तेवढ्यात अगदी आमच्या पुढ्यात थांबलेल्या कारची काच खाली झाली. आत जावईबापू, स्वराज. शेजारी हर्षाली, हातभर हिरवा चुडा.

"ओ भाऊ!" स्वराज सयाजीला म्हणाला. "तुम्ही आमच्या लग्नात होता ना? गिटारवर?"

"व्हय."

"लई भारी वाजवलं राव तुमच्या लोकांनी! आमच्याकडं अजून नाव काढतात. माझ्या मित्राची हळद आहे, निरगुडसरला. येणार का? नंबर देऊन ठेवा. आत्ता जरा घाईत आहोत, हिच्या मामांकडं जेवायला चाललोय."

पोरगा सरळ होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तोंड उघडलं, "अहो जावईबापू, हे तर..."

सयाजीनं माझं मनगट धरलं. तांब्याची तार ओढून ओढून त्याच्या पंजाची पार पक्कड झालेली आहे. तो स्वराजकडे बघत नव्हता, त्याच्या पलीकडे हर्षालीकडे बघत होता. हर्षाली मांडीवरच्या फोनमध्ये बघत होती. फोन बंद होता. मला इथून त्याची काळी काच दिसत होती.

मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या.

मग सयाजी म्हणाला, "बाळासाहेबांचा नंबर घ्या, पावणं. सुपारीचं समदं तेच बघत्यात." आणि एकेक आकडा नीट सांगितला.

पिकअप सरकली. कार सुनीलच्या बंगल्याच्या रस्त्याला वळली. मी मनगट चोळत त्याच्यावर खेकसलो, "आरं, सांगायला काय झालं व्हतं? जीभ झडली व्हती का?"

"पोरगी गप व्हती, आण्णा."

"ती गप, म्हणून तू पण गप?"

"मी सांगितलं असतं, तर तिला मान वर करावी लागली असती. मग ती काय बोलली असती कुणास ठाऊक."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "चल, आज आमच्याकडं जेव. साधनावहिनी सकाळपासनं दिसल्या न्हाईत. गावाला गेल्या का?"

"न्हाय," सयाजी म्हणाला, आणि कट्ट्यावरची मोटर पुढं ओढली. "सुनीलकडं गेलीय. जावई येणार म्हणून पोळ्या लाटायला बोलावलंय."