पायाळू मामांची पाठ

आष्टीत आमच्या मामेसासऱ्यांची लाथ न खाल्लेली पाठ शोधून सापडायची नाही, आणि लाथ मारणाऱ्याला एवढा मान देणारं गावही दुसरं नसेल. मामा पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेले. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळे मामा सकाळी चहाला बसले की ओट्यावर कण्हणारी मंडळी हजर. हिवाळ्यात ते पाय आधी शेकून घेत, कुणाच्या पाठीला गार लागू नये म्हणून. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनाच उसण भरली, तेव्हा मामांनी "माफी असावी, व्याहीबुवा" म्हणत हात जोडले आणि सगळ्या वऱ्हाडादेखत नवरदेवाच्या बापाला लाथ घातली. वडील खुशीत पंगतीला बसले.

गेल्या वर्षी मामांचीच मान आणि कंबर धरली. हाक मारली की मान वळायची नाही, अख्खे मामा वळायचे. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणत, "पायाळूनं डाक्टरकडं जायचं? लोक काय म्हनतील, जावईबापू?" मग घनसावंगीत एका घरची सून पायाळू असल्याचा शोध लागला. जीपचे हादरे खात आम्ही गेलो. "वडीलधाऱ्याला पाय लावू? पाप लागंल मला," म्हणून ती बिचारी रडकुंडीला आली. शेवटी तिने डोळे मिटून पाय लावला. परतल्यावर मामांना जीपमधून उतरताच येईना, तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे यायला तयार झाले.

जालन्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, "मणक्यांच्या सांध्यांवरचं गुळगुळीत अस्तर झिजलंय. हाडं घासतात, सूज येते, स्नायू आखडतात. झीज भरून यायची नाही, पण औषधानं, व्यायामानं दुखणं कमी होईल."

"मंग माझ्या पायानं एवढ्या लोकायला गुण कसा आला?"

"उसण बहुतेक स्नायूंची असते, काका. चार दिवसांत आपोआप उतरते."

"म्हंजे जलमभर मी उगंच लाथा मारल्या?" मामांनी विचारलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या काकू कंबर धरून आल्या. खाटेवर बसलेल्या मामांनी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. "माझ्या पायात काई न्हाई, काकू. जल्दी डाक्टरला दाखवा."

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "जाते की उद्या. पर तुझा पाय तर लाव, बाबा."

मामांना पाय उचलवेना. तेव्हा काकू खाटेपाशी पाठमोऱ्या खाली बसल्या आणि मामांचा पाय त्यांनी स्वतःच ओढून कमरेला लावून घेतला. मामा डोळे पुसत होते.