मायाच्या खाऊचा दिवस

माहं शिलाईचं दुकान अन् संध्याचं घर, मध्ये एकच भिंत. म्हणून जे सांगून राह्यली ते डोळ्यानं पाह्यलेलं आहे, ऐकीव नाई. आमची ही अकोल्याची कॉलनी मोठी शहाण्या लोकाईची. कोणी बँकेत, कोणी झेडपीत, कोणी कॉलेजात शिकवते. नवरा-बायको दोघंही नोकरीवर. मंग शाळा सुटल्यावर पोट्टे जातील कुठं? तर संध्याकडे. दुपारी शाळेचा ऑटो तिच्याच दारात रिकामा होते, अन् मायबाप दिवेलागणीले गाडी घेऊन हजर.

संध्या अकोटची. बाप श्रावण जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत होता, पण पोरीले त्यानं शिकवलं बरं का! डीएड झालं, बीएड झालं, मास्तरकीची परीक्षाही पास झाली. भरती काही निघे ना, अन् निघाली तेव्हा हिचं वय निघून गेलं. नवरा सुगत वरूडच्या संत्र्याचा ट्रक चालवते, हंगामात त्याचं तोंड दिसत नाई. मंग संध्यानं समोरची खोली मोकळी केली, सतरंजी टाकली अन् दारावर पाटी लावली. मास्तरीण व्हायचं होतं, झाली लोकाईचे पोरं सांभाळणारी. पण बाई, पोरं सांभाळावे तर तिनंच!

दुसरे काय करतात? टीव्ही लावून देतात, नाई तर मोबाईल हातात देतात, बसा गुमान. संध्याकडे मोबाईल चालत नाई. पहिले अभ्यास, मंग हाताले काम. एक दिवस पेपरातल्या बातम्या वाचाले लावते, त्याही टीव्हीवालीच्या आवाजात. एक दिवस माह्या दुकानातल्या चिंध्या नेते अन् बटन टाकाले शिकवते. तो बँकवाल्याचा पियुष पहिल्यांदा आला तेव्हा चावत होता राजा! खरंच चावे, माह्याही हाताले चावला. आज तो शाळेच्या शर्टाचं बटन स्वतः टाकते, अन् त्याचा बाप चारचौघात सांगते, आमचा पियुष लय शांत झाला. संध्याचं नाव नाई घेत हं. आपोआप शांत झाला म्हणे!

एक गोष्ट मले पहिलेपासून खटके. हरएक पोराचा डबा घरचा अन् पाण्याची बाटलीही घरची. संध्याच्या माठातलं पाणी एकही पोट्टं कधी प्यायलं नाई. "आरतीचं पोट नाजूक आहे हो, बाहेरचं चालत नाई," आरतीची मम्मी म्हणे. वा गं नाजूक पोट! तेच पोट माह्या दुकानासमोरच्या गाडीवर पाणीपुरी चापते. संध्या बौद्ध आहे अन् मी कुणब्याची. हे सांगा लागते, कारण आमच्या कॉलनीत हे कोणी बोलत नाई अन् कोणी विसरतही नाई. मी एकदा तिच्यापाशी विषय काढला, तर म्हणे, "जाऊ द्या काकू, पोरं तर येऊन राह्यले ना."

तिची स्वतःची पोरगी माया, आठ वर्षांची. घर तिचं, पण खेळात तिचा नंबर शेवटी. चेंडू नालीत गेला की माया काढन, पेन्सिल हरपली की माया शोधन. पोरं तिले नावानंही हाक मारत नव्हते, "ए बाईची पोरगी" म्हणत. मायाले वाटे, आपणही याच्यातलं एक व्हावं. संध्याच्या जिवालेही तेच लागलं होतं. माह्यापाशी बोलली होती ती, "काकू, हे सगळे इथं येतात, मले वाटलं होतं मायाले मैत्रिणी भेटतील. तिले तर बिनपगारी नोकरी लागली."

मंग भुलाबाईचे दिवस आले. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी रोज संध्याकाळी जमतात, टिपऱ्या घेऊन गाणे म्हणतात अन् शेवटी खाऊ ओळखतात. ज्याचा नंबर, तो झाकलेला डबा आणते अन् खुळखुळवते. बाकीच्यानं ओळखायचं आत काय आहे. ज्यानं ओळखलं त्याले पहिला घास, मंग सगळ्याईले वाटायचा. कोणालेच नाई ओळखता आलं तर डबेवाला जिंकला, खाऊ त्याचा त्याच्यापाशी. आरतीनं हट्ट धरला, बाई, आपणही खेळू. संध्या पहिले अडखळली. "भुलाबाईची मूर्ती मी नाई मांडणार," म्हणे, "पण गाणे म्हणा अन् खाऊ ओळखा, त्यात काय?"

अन् मजा आली वो! पोट्टे सुद्धा टिपऱ्या घेऊन नाचाले लागले. आरतीचं नाक असं तेज, की डबा दारात आला अन् तिनं सांगतलं, "शंकरपाळे!" ललितच्या घरचा चिवडा, पियुषच्या घरचे अनारसे, सगळ्यानं सगळ्याचं खाल्लं. मायानंही खाल्लं. नाजूक पोट तेव्हा कुठं गेलं होतं, विचारा त्याईले.

रोज संध्या व्हॉट्सअॅपवर मायबापाईले लिहून पाठवे, उद्या कोणाचा खाऊ. सगळ्याईचं झालं. मंग एका दिवशी तिनं लिहिलं, उद्या आमच्या मायाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून बेसन भाजल्याचा असा वास सुटला, की माह्या मशीनवर मन लागे ना. तूप हात सैल सोडून घातलं होतं बाईनं. मायानं शाळेतून आल्याबरोबर नवा फ्रॉक घातला, मीच शिवलेला, अन् माह्याकडे पळत आली. "काकू, तुमी पंच. चला!"

गाणे झाले. माया आतून डबा घेऊन आली, दोन्ही हातानं छातीशी धरलेला. खुळखुळवला. लाडू डब्यात जसे गडगडतात तसे गडगडले. अख्ख्या खोलीत वास. नाक असलेल्या कोणालेही समजलं असतं.

"ओळखा!" माया म्हणे.

ललित म्हणे, "दगड."

पियुष म्हणे, "साबण."

पोरं हसले नाई. तिसरी म्हणे, "खिळे." मले वाटलं, मस्करी करून राह्यले पोट्टे. माया मात्र खुशीत, "चूक! चूक! पुन्हा सांगा!" मी आरतीकडे पाह्यलं. ती सतरंजीचा दोरा उपटत बसली होती, मान खाली.

"अवं आरती, तुले तर वासानं समजते! बोल ना," मी म्हटलं.

ती माह्याजवळ सरकली अन् कानात म्हणे, "काकू, ओळखलं तर खा लागते. मम्मीनं सांगतलं, ओळखू नको." अन् तिच्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

लेकरू हळूच बोललं, पण संध्या माह्या मागंच उभी होती. तिनं ऐकलं. माह्या अंगाचा तर असा तिळपापड झाला, काय सांगू! म्हणजे हे शिकलेले लोक काल रात्री आपापल्या घरी बसून लेकराईले हराले शिकवून राह्यले होते. बटन टाकाले आमच्या संध्यानं शिकवलं, अन् हे मायबापानं. थू तुमच्या शिक्षणावर!

"हरले! सगळे हरले!" माया टाळ्या वाजवून नाचाले लागली. "कोणालेच नाई आलं! मी जिंकली!"

बाहेर गाड्या येऊन थांबल्या होत्या. माया डबा घेऊन तशीच फाटकापर्यंत, आरतीच्या मम्मीच्या गाडीपाशी पळाली. "काकू, तुमची आरती रोज ओळखते ना? आज हरली! मी जिंकली!"

"हो का? शाब्बास बेटा," आरतीची मम्मी म्हणे. गाडी बंदही नाई केली बाईनं. आरती मागं बसली, अन् तोंड दुसरीकडे फिरवलं.

माह्या तोंडाले कुलूप नाई, कॉलनीले ठाऊक आहे. मी चप्पल न घालता बाहेर निघाली. "थांबा हो मॅडम, जरा ऐका..." इतकंच म्हटलं, तर मागून संध्यानं माहा हात धरला. असा घट्ट धरला की बांगडी रुतली.

"नाई काकू. माया उभी आहे."

गाड्या गेल्या. असा राग मी जन्मात कधी गिळला नव्हता. मायाले काहीच समजलं नव्हतं, अन् ते तिले समजू नये म्हणून तिची माय हसत उभी होती.

माया पायरीवर बसली. डबा उघडून एक लाडू तिनं मले दिला, एक आपल्या आईले दिला. स्वतः खाता खाता मध्येच थांबली.

"आई," म्हणे, "पुढच्या वेळी सोपा खाऊ कर ना. कोणालेच नाई ओळखता आला. आरती तर रडाले आली होती बिचारी."

"करीन बेटा," संध्या म्हणे. "सोपा करीन."