आखाजीतली मोजणी

वाट होती, आणि मला ती सापडली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

जळगाव तेव्हा रुळांच्या कडेने पसरत होतं. एका जिनिंगवाल्याने शेत घेतलं आणि प्लॉट पाडायला काढले. मोजणीला सर्वेअर मी. मी धुळ्याचा. आमच्या गल्ल्या सरळ. एका तोंडाने शिरावं, दुसऱ्याने बाहेर पडावं. नकाशात मी तशाच काढल्या. ओव्हरसियरसाहेबांनी प्रत्येकीचं एक टोक पेन्सिलीने बंद केलं. तेवढेच प्लॉट वाढले.

शेताच्या अलीकडे प्लेगात वसलेली झोपडवस्ती, पलीकडे तिची विहीर. मधून वहिवाट असेल, म्हणजे लोक पूर्वापार जात असतील, तर ती बुजवता येत नाही. सर्वेअरने जागेवर बघून लिहायचं. साहेबांनी मोजणी मुद्दाम आखाजीत, अक्षय्य तृतीयेच्या सणात, लावली. एरवी शेतातून पाणी आणणाऱ्या सुना तेव्हा माहेरी झोके खेळायला जातात, घरी आलेल्या लेकींना कुणी कामाला लावत नाही. पाणी गडीमाणसं पिंपाने आणतात, गाडीरस्त्याने. वावटळींनी पावलं पुसली होती.

वस्तीतले आबा आडवे आले. "भाऊ, आठे वाट शे. बठ्ठ्या सुना माहेर गयात. त्या येवू द्या, मंग देखा."

साहेब हसले. "सुना झोक्यावरून उतरेपर्यंत आम्ही इथे उन्हात उभं राहायचं का, आबा?" मग माझ्याकडे वळले. "काय धुळेकर, दिसते वाट?"

माझ्या बुटाखाली, धुळीच्या आत, टणक पट्टा लागत होता. रोजच्या पायांनी दाबलेला. माझी बढती साहेबांच्या हातात होती.

"दिसत नाही," मी म्हणालो.

वाटेवर भिंत झाली. सुना परतल्या आणि घागरी घेऊन भिंतीपाशी उभ्या राहिल्या. गाडीरस्त्याने फेरा फार, म्हणून मालधक्क्याचे रूळ ओलांडू लागल्या. पावसाळ्याआधीच आबांची धाकटी सून शंटिंगच्या डब्याखाली गेली. पंचनाम्यात लिहिलं, रस्ता सोडून चालत होती.

मला बढती मिळाली. पुढे शेजारची शेतं मोडली, तेव्हा माझाच नकाशा नमुना म्हणून फिरला. आज तिकडे बंद गल्ल्यांमागे बंद गल्ल्या आहेत, आणि बाहेर पडायला सगळ्यांना तोच गाडीरस्ता. गल्ली बंद करायला पेन्सिल पुरते. उघडायला घरं पाडावी लागतात. ती कुणी पाडत नाही.

आबा अजून बाजारात भेटतात. मागे म्हणाले, "मन्हंच चुकनं, भाऊ. तुमले नीट सांगता उनं नही."

मी मान हलवली आणि पुढे निघालो.

आबांनी नीटच सांगितलं होतं. हे एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.